आवाज न करणारा लॅपटॉप

"तुमच्या मशीनचा पंखा माइकमध्ये येतोय," असं म्हणून मला एकदा स्टुडिओतून उठवलं होतं आणि बाहेर चपलांच्या रॅकशेजारी बसवलं होतं. काचेच्या पलीकडे माझीच वाक्यं बदलली जात होती आणि मी लोकांच्या सँडल बघत बसले होते. त्या दिवशीचा राग माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

मी परदेशी मालिकांचे संवाद मराठीत लिहिते. लोक त्याला भाषांतर म्हणतात, म्हणोत बापडे. पडद्यावरच्या बाईचे ओठ मिटले की माझ्या वाक्यातही तिथे ओठ मिटणारं अक्षर यावं लागतं, प, ब, म असलं काहीतरी, आणि ती तोंड उघडं ठेवून थांबली तर माझं वाक्यही तसंच उघडं थांबावं लागतं. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या आमच्या घरात, कपाटाच्या आरशासमोर स्वतःचे ओठ बघत मी हे काम करत आले. लिहायचं, पाठवायचं आणि विसरायचं. पण विसरणं कुठलं जमायला? मालिका आली की मी बघणारच, आणि तिथे माझ्या वाक्यांची वाट लागलेली असायची. मी लिहिलेलं असायचं, "जिवावर आलंय गं." ऐकू यायचं, "मला हे करण्याची इच्छा होत नाही आहे." रेकॉर्डिंगच्या वेळी वाक्य ओठांवर बसलं नाही की तिथे आत हजर असेल तो ते बदलतो, आणि आत मी कधीच नसायचे.

म्हणून ठाण्याला बाळकुमच्या स्टुडिओतल्या दिग्दर्शक मॅडमनी फोन केला तेव्हा मी वही-पेन घेऊनच बसले. वाक्यं तोडून बोलणारी, कुणाचं कौतुक न करणारी बाई. त्या म्हणाल्या, "नवी मालिका आहे. कोळ्यांच्या गावातली, सगळ्या बायकाच आहेत. लेखिका म्हणून तुम्ही रेकॉर्डिंगला माझ्याशेजारी बसायचं. पहिला दिवस बघू. जमलं तर सगळ्या मालिकेला बसा. नाही जमलं तर तुम्ही आपलं घरून पाठवत जा, इथलं मी बघते." पहिला दिवस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होता.

त्या एका खुर्चीसाठी मी इतकी वर्षं झुरत होते. आणि ती माझ्याकडे येतायेता पहिल्यांदा अडली ती लॅपटॉपपाशी.

जुना लॅपटॉप पाट्यासारखा जड होता. तो बंद केला तरी पंखा थोडा वेळ धापा टाकत राहायचा. बॅटरी चहाला उकळी येईपर्यंत टिकायची. घरात त्याचं काही वाटत नव्हतं, शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट जायची तेवढा वेळ सोडला तर. पण स्टुडिओत आतल्या खोलीत प्लग माझ्या वाट्याला येणार नव्हता आणि पंख्यापायी तर आधीच एकदा नाक कापून झालेलं. नवीन घ्यायचा, आणि तोही पातळ, बिनआवाजाचा, दिवसभर टिकणारा, एवढं मी ठरवून टाकलं.

माझा नवरा मात्र वस्तू घेताना ती बिघडल्यावर काय करायचं, इथून सुरुवात करतो. मिक्सरचा जुना बुश, कुकरची काढलेली शिट्टी, गेलेल्या पंख्याचा कंडेन्सर, सगळं त्याच्याकडे एका डब्यात असतं. त्याच जुन्या लॅपटॉपमध्ये त्याने एकदा रॅम वाढवून आणली होती, एकदा डिस्क बदलली होती, आणि त्यामुळेच ते धूड इतकं जगलं, हे मला मान्य करावंच लागतं. तो म्हणायचा, "उघडता येत नाही ती वस्तू आपली नसते." मी म्हणायचे, "मला उघडायचा नाहीये, मला तो मांडीवर ठेवायचाय." रोज जेवताना हाच वाद. सासूबाई ताटात वरण वाढता वाढता एकदा म्हणाल्या, "अरे, संसार करताय की मशीन?"

त्या दिवसांत घरात आणखी एक वाद धुमसत होता. खुर्ची पक्की झाली तर रोज कोपरहून बाळकुमला जायचं कसं? तिथे भाड्याने जागा बघू, असं मी एकदा बोलून गेले. नवरा हो-नाही काही म्हणाला नाही. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांना ऐकू गेलं असेल, नसेल, मी विचारलं नाही. त्या कोपर सोडून कुठे जाणार नव्हत्या, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

शेवटी कल्याणला दुकानात गेलो. दुकानदाराने एक लॅपटॉप दोन बोटांत धरून दाखवला, पाटीपेक्षाही पातळ. "मॅडम, इसमें फॅन ही नहीं है. आवाज कहाँ से आएगी?" मी कान लावून ऐकलं. खरंच काही नाही. बॅटरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत, असं तो म्हणाला, आणि अर्ध्या तासात आकडा जेमतेम हलला तेव्हा माझाही विश्वास बसला.

मग नवऱ्याने तोंड उघडलं. "रॅम वाढवता येते?"

"नाही सर, बोर्डालाच सोल्डर असते."

"स्टोरेज?"

"ते पण सर. जे घेणार तेच आयुष्यभर."

"आणि बॅटरी?"

"आतून चिकटवलेली. बदलायची तर सर्व्हिस सेंटर."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे वाढत्या पोराला अंगाबरोबर शर्ट शिवायचा." त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, आणि मला त्याचाच राग येत होता. बाजूलाच एक जाड लॅपटॉप होता, त्यात दोन्ही वाढवता येत होतं, पण चालू केल्याबरोबर त्याचा पंखा सुरू झाला आणि मला चपलांचा रॅक दिसला.

"हे बघ," नवरा म्हणाला, "पुढे वाढवता येणार नसेल तर पुढचं सगळं आजच घ्यायला हवं. पुढे तुला काय लागणार ते सांग."

हा प्रश्न मला टोचला. कामाचा एक नियम असा की मालिकेच्या चित्रफिती इंटरनेटवर कुठे ठेवायच्या नाहीत, पेनड्राइव्हवर नाही, दुसऱ्या मशीनवर नाही. जे काय ते एकाच लॅपटॉपच्या पोटात. पूर्ण मालिका मिळाली तर पाचशे बारा जीबी दोन महिन्यांत भरणार. नाही मिळाली तर त्याच्या निम्मंही डोक्यावरून पाणी. म्हणजे दुकानात उभं राहून मला ठरवायचं होतं की मॅडम मला ठेवतील की नाही. मी म्हटलं, "मोठं घे." हे म्हणताना माझा आवाज चिरकला होता, नवऱ्याने तो ऐकला आणि दुकानदाराला मोठंच काढायला सांगितलं.

जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये दिला. दुकानदाराने तो उलटा करून ठोकला तर कळांच्या फटीतून पिवळी पूड काउंटरवर सांडली. "मॅडम, इसमें हल्दी गिरी है क्या?" मी म्हटलं, "दसऱ्याची आहे. दरवर्षी पूजा होते त्याची." तो हसला, पण फडकं फिरवण्याआधी त्याने बोट कपाळाला लावलं. ते मला आवडलं.

घरी आल्यावर मी नव्या लॅपटॉपवर अक्षरशः तुटून पडले. मॅडमनी पहिला खर्डा लाल खुणा करून परत पाठवला होता. त्यांच्या खुणा मला झोंबायच्या, आणि बहुतेक बरोबर असायच्या. एकेक वाक्य मी नव्याने बांधलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेवटचं वाक्य बसलं. आता शिळ्या डोळ्यांनी नको, उद्या सकाळी ताज्या डोळ्यांनी एकदा बघू आणि मग पाठवू, असं म्हणून मी झाकण लावलं.

दसऱ्याच्या सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर सासूबाईंनी पूजा मांडूनही झाली होती. पाटावर सरस्वती काढलेली पाटी, विळी, नवऱ्याची पान्ह्यांची पिशवी, त्यांची स्वतःची शिलाई मशीनची कात्री आणि मधोमध माझा लॅपटॉप, मिटलेला, वर झेंडूचं फूल. "आज पहिला मान त्याला," त्या म्हणाल्या. "उद्या तुझी परीक्षा." मला बरं वाटलं, पण आमच्याकडे पूजेत बसलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात लावायचा नाही. लहानपणी या नियमाने अभ्यास बुडायचा म्हणून किती आनंद व्हायचा! आता मजकूर पाठवायचा राहिला होता. सांगितलं असतं तर सासूबाईंनी उचलू दिलाही असता. पण वर्षातला एक दिवस, त्यात त्यांनी एवढ्या हौसेने मांडलेलं. मी मॅडमना कळवलं की मजकूर सकाळी सोबतच घेऊन येते. त्यांचं उत्तर आलं, "ठीक." त्या "ठीक"चा मी दिवसभर कीस पाडत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने मला स्कूटरवर सोडलं. मोठागावातून माणकोलीच्या पुलावर चढलो की खाडी लागते. एरवी मी त्याला तिथे हळू घ्यायला सांगते. त्या दिवशी मी बॅग पोटाशी धरून ओठ हलवत होते आणि तो आरशातून बघून हसत होता. हसू दे, म्हटलं. बॅग इतकी हलकी होती की आत लॅपटॉप आहे ना, हे मी दोनदा चाचपून बघितलं.

स्टुडिओत मला खुर्ची मिळाली. मॅडमच्या उजव्या हाताला, काचेच्या अगदी समोर. पलीकडे माइकपाशी रंगभूमीवर मुरलेल्या एक अभिनेत्री हेडफोन नीट करत होत्या. रेकॉर्डिस्टने पहिला प्रसंग लावला. मॅडम म्हणाल्या, "उघडा." मी झाकण उघडलं.

पडद्याच्या मधोमध तळहाताएवढा काळा डाग होता. त्याच्यातून रेषा निघून चारी बाजूंना गेल्या होत्या, हिरव्या, गुलाबी, आणि बाकीच्या भागात काहीतरी पांढरं लुकलुकत होतं. मला आधी वाटलं, बटण चुकीचं दाबलं गेलं. बंद करून चालू केला. डाग तसाच. मग माझी नजर खाली गेली. कळांच्या मधे, डागाच्या बरोबर खाली, तांदळाचा एक दाणा होता. कुंकवाने लाल झालेला.

मला सगळं लखलखीत दिसलं. जुन्या लॅपटॉपला सासूबाई दरवर्षी झाकण उघडून आत हळद-कुंकू लावायच्या, कळांवर अक्षता टाकायच्या आणि झाकण मिटायच्या. ते धूड होतं जाडजूड, झाकण आणि कळा यांच्यात मूठभर तांदूळ मावले असते. याच्यात एका दाण्याला जागा नव्हती. झाकण नीट बसत नाही म्हणून त्यांनी वरून तळहाताने दाबलं असणार, पुरणाच्या डब्याचं झाकण दाबावं तसं. आम्ही दोघांनी महिनाभर रॅम, बॅटरी, स्टोरेज सगळं तोलून बघितलं होतं.

"काय झालं?" मॅडम.

"स्क्रीन गेली."

रेकॉर्डिस्ट चांगला माणूस. उठून आला, "बाहेरच्या मॉनिटरला जोडू या, वायर आहे," म्हणाला आणि लॅपटॉप डावीकडून, उजवीकडून फिरवून बघू लागला. एका बाजूला दोन बारीक भोकं होती, त्याची वायर त्यात जाण्यासारखी नव्हती. मधला जोड कुणाकडे नव्हता. दुष्काळात तेरावा महिना. "पातळ आहे ना," तो ओशाळून म्हणाला, जसा काही त्यानेच तो बनवला होता.

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. "पाच मिनिटं घ्या. मग पहिल्या खर्ड्यावर सुरू करू. तो आहे माझ्याकडे." पहिला खर्डा, म्हणजे लाल खुणांचा. म्हणजे खुणा त्या स्वतःच भरून काढणार आणि मी शोभेला बसणार. उद्यापासून घरून.

मी पॅसेजमध्ये जाऊन घरी फोन लावला.

"आई, काल लॅपटॉपच्या आत अक्षता टाकल्यात?"

"हो. दरवर्षी टाकते. का गं?"

"स्क्रीन फुटली त्याने. सगळी. मला एक अक्षर दिसत नाहीये."

पलीकडे काहीच आवाज नाही. मी वाट बघत होते. त्या रडतील, किंवा "मला काय माहीत बाई" म्हणतील, किंवा देवाचं नाव घेतील, म्हणजे मला बोलता येईल. महिनाभराचं सगळं ओकून टाकायला मी तोंड उघडून उभी होते.

त्या म्हणाल्या, "मग आता तू काय करणारेस?"

ना क्षमा, ना कारण. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. "कपाळ करणार!" असं ओरडून मी फोन ठेवला. पॅसेजमधून चहा घेऊन जाणाऱ्याने माझ्याकडे वळून बघितलं. मी तोंड धुतलं आणि आत जाऊन माझ्या खुर्चीत बसले. मेलेला लॅपटॉप मांडीवर तसाच उघडा ठेवला. का ठेवला, देव जाणे.

पहिलाच प्रसंग अवघड होता. म्हातारी कोळीण मासे साफ करत बसली आहे. तिची सून दारात येऊन उभी राहते, अंगाला जळकट काजळी. रात्री त्यांची होडी जळली आहे. सून सांगते, म्हातारी मान वर न करता एक वाक्य विचारते. तेवढंच. तिचा चेहरा अर्धा अंधारात आहे, पण ओठ स्पष्ट दिसतात.

पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, "आता पुढे काय करायचं ठरवलं आहेस तू?" अभिनेत्रीबाईंनी म्हणून बघितलं. लांब झालं. म्हातारीचं तोंड मिटून गेलं तरी यांचं "आहेस तू" हवेत लटकत राहिलं. पुन्हा घेतलं, भराभर, तर बाजारात भाव विचारल्यासारखं वाटलं. मॅडमनी पेन उचललं. मी बदललेलं वाक्य चांगलं होतं, ते चांगलं होतं एवढंच मला आठवत होतं. ते काय होतं ते माझ्या मांडीवर त्या काळ्या डागाच्या मागे पडलं होतं आणि डोक्यात सासूबाईंच्या आवाजाशिवाय दुसरं काही शिरत नव्हतं.

"लेखिकाबाई," मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "असेल तर बोला. नाहीतर मी टाकते काहीतरी."

चित्र पुन्हा सुरू झालं. म्हातारीचे ओठ सुरुवातीलाच एकदा मिटले. मग शेवटपर्यंत उघडेच. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग आता तू काय करणारेस?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पुन्हा."

मी चित्रावर पुन्हा म्हटलं. म वर ओठ मिटले, पुढे कुठेच मिटायची गरज नाही. म्हातारी आणि मी बरोबर एकदम थांबलो.

"टोन कसा?" आतून अभिनेत्रीबाईंनी विचारलं.

"कोरडा," मी म्हटलं. "दगडासारखा. तिला सुनेची कीव नाहीये." हे सांगताना माझ्या आवाजात किती जहर होतं! त्यांनी तसंच म्हटलं, आणि खोलीत सगळ्यांच्या अंगावर आलं. पहिल्याच फटक्याला ओके झालं.

तिथून माझी गाडी सुटली. काही वाक्यं आठवली, काही आठवली नाहीत आणि नवी सुचली, काही मॅडमनी सरळ उडवली. एका वाक्यासाठी मी भांडले आणि हरले. पण त्या दिवशी जे वाक्य बदललं ते माझ्या देखत बदललं. संध्याकाळी मॅडम पर्स आवरत म्हणाल्या, "उद्या दहाला. उरलेल्या दिवसांनाही दहालाच. आणि तो लॅपटॉप दुरुस्त करा, बघवत नाही." एवढंच.

नवरा खाली स्कूटर घेऊन उभा होता. मी सगळं सांगितलं. पुलावर येईपर्यंत तो ऐकत होता, मग म्हणाला, "आई जेवली नाहीये दिवसभर." मी म्हटलं, "नसेल." माझा राग अजून उतरलेला नव्हता आणि उतरवायची मला घाईही नव्हती.

घरी सासूबाई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. एरवी या वेळी त्या देवापुढे असतात.

"काम टिकलं का तुझं?"

"टिकलं," मी चप्पल काढत म्हटलं. "तुमच्याच वाक्यावर टिकलं. सकाळी मला फोनवर एवढं कठोर बोललात ना, तेच वाक्य म्हातारीच्या तोंडी घातलं. सगळ्यांना आवडलं."

"कुठलं वाक्य?"

"मग आता तू काय करणारेस." मी त्यांच्यासारखंच म्हणून दाखवलं, दगडासारखं.

"मी असं म्हटलं?"

"अस्संच."

"अगं, माझे पाय लटपटत होते." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मला वाटलं, झालं. हिचं काम गेलं आणि ते माझ्या हाताने गेलं. आता ही काही थांबत नाही इथे. बाळकुमला जागा बघताय ना तुम्ही? मला वाटलं, आता आयतं कारण मिळालं. म्हणून विचारलं गं, आता तू काय करणारेस. जाऊ नको कुठल्या तोंडाने म्हणू? एवढं नुकसान करून?"

त्यांच्या हातांवरची हळद अजून गेली नव्हती. मला त्यांची दया आली, आणि स्वतःचा भयंकर राग आला. ओठ बघून वाक्य लावणारी मी. घरातलं माणूस फोनवर घाबरून बोलतंय ते मला ऐकू आलं नव्हतं, कारण मला भांडण ऐकायचं होतं. मी म्हटलं, "आई, आधी जेवून घ्या." आम्ही तिघं जेवायला बसलो. बाळकुमचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला मी खुर्चीत बसले. मांडीवर काही नव्हतं, हातात रात्री आठवून लिहून काढलेले कागद होते. अभिनेत्रीबाई पुढच्या प्रसंगासाठी आत गेल्या होत्या. रेकॉर्डिस्टने तो लावलाही होता.

"मॅडम," मी म्हटलं, "कालचं पहिलं वाक्य परत घ्यायचंय."

त्यांनी मान वळवली. या धंद्यात ओके झालेलं वाक्य कुणी उकरून काढत नाही. एकदा पुढे गेलं की गेलं, हे मलाही ठाऊक होतं. "का? बसलंय ते."

"ओठांवर बसलंय. टोन चुकलाय."

"टोन तुम्हीच सांगितला होता."

"हो. मी चुकीचा सांगितला."

"दुसऱ्याच दिवशी आपलंच वाक्य फिरवणारी लेखिका मी का ठेवू, सांगा मला."

मी म्हटलं, "नका ठेवू. पण हे वाक्य असं जायला नको."

त्यांनी खुर्ची काचेकडे वळवली. मग रेकॉर्डिस्टला बोटाने मागे जायची खूण केली, आतल्या खोलीशी बोलायचं बटण माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा त्यांना."

पडद्यावर म्हातारी पुन्हा मासे घेऊन बसली. अभिनेत्रीबाईंनी हेडफोन कानांवर ओढले. "कशी म्हणू?"

मी बटण दाबलं. "घाबरून म्हणा," मी म्हटलं. "दारात उभी आहे ना, ती आत्ता निघून जाईल असं तुम्हाला वाटतंय. आणि जाऊ नको, हे तुम्हाला म्हणता येत नाहीये."